न्सुओ अमुना: कुमासीतल्या एका ट्वी शिकवणीचा अनुभव

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला दिवस. घानातल्या कुमासी शहरात, अहोज्वो भागात, एका दुमजली घराचा स्लॅब भरत होतो. मी त्या साइटवर इंजिनियर आहे. अकराच्या सुमाराला निम्म्याहून अधिक स्लॅब झाला होता, डोक्यावर काँक्रिटची घमेली, म्हणजे हेडपॅन, घेतलेल्या माणसांची रांग चढत-उतरत होती, आणि आमचे फोरमन घाईघाईने वर येऊन म्हणाले, "मॅडम, न्सुओ अमुना ओ!" एरवी ते माझ्याशी इंग्रजीत बोलतात, पण घाईत माणूस आपल्या भाषेत येतो. न्सुओ म्हणजे पाणी, एवढं मला ठाऊक होतं. मिक्सरपाशी पाणी संपत आलंय असं समजून मी टँकरवाल्याला फोन लावला. ताडपत्र्या खाली कोठीत घडी घालून ठेवलेल्या होत्या. त्या वर येईपर्यंत पावसाने ओल्या काँक्रिटवरचं सिमेंट धुऊन नेलं. पुढचे चार दिवस वरचा थर छिन्नीने काढून पुन्हा करण्यात गेले.

फोरमन सांगत होते ते एवढंच: आभाळ भरून आलंय. न्सुओ म्हणजे पाणी आणि न्सुओ म्हणजेच पाऊस. 'मुना' हे क्रियापद माणसाच्या चेहऱ्यालाही लावतात. कुणी कपाळाला आठ्या घालून बसलं की त्याने 'मुना' केलं. पावसाने आठ्या घातल्यात, म्हणजे आता पडणार. हे वाक्य मला तेव्हा कळलं असतं तर तो स्लॅब वाचला असता, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मी हवामानाची ट्वी शिकायला लागले. ट्वी म्हणजे इथल्या आकान लोकांची भाषा. आधी फोनवरच्या एका ॲपवर, मग कुमासीच्याच बान्तामा भागातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे. त्यांची शिकवणी कशी आहे ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. ॲपबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यात थोडंच होतं.

ॲपच्या हवामानाच्या धड्यात चाळीसेक शब्द होते. सगळी नामं. अविया म्हणजे ऊन, म्फ्रामा म्हणजे वारा, ओमुनुन्कुम म्हणजे ढग, अप्रान्ना म्हणजे गडगडाट. उच्चार स्वच्छ, चित्रं सुंदर. पण क्रियापद एकही नाही. ऊन 'काय करतं', वारा 'काय करतो', हे कुठेच नव्हतं, आणि साइटवर कुणी नुसतं नाम उच्चारत नाही. ऋतूंचा धडा तर वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा या युरोपातल्या चार ऋतूंवर रचलेला. हिवाळ्याच्या कार्डावर बर्फ पडत होता आणि खाली शब्द होता 'सुचेरॅम्मा'. हा शब्द खरा आहे, बायबलच्या ट्वी भाषांतरात हिमासाठी तो भेटतो. पण कुमासीत हिम पडत नाही. इथे जे पडतं, उठतं, घोंघावतं, ओठ फोडतं, त्याचं नाव ॲपमध्ये शेवटच्या रांगेत एकदाच आलं: ऑपॅ. अर्थापुढे फक्त 'कोरडा वारा'. दोन महिन्यांनी मी ते बंद केलं.

बान्तामाच्या शिक्षिकांना सगळे आन्टी म्हणतात, मीही तेच म्हणते. हवामान आणि ऋतू यांवर त्यांचे आठ तास आहेत, दीड-दीड तासाचे, घराच्या ओसरीवर. फी घानाच्या चलनात, एका तासिकेची १५० सेडी, आठांची १,२०० सेडी, दोन हप्त्यांत मोमोने, म्हणजे मोबाइलवरून, पाठवायची. इथपर्यंत कुठल्याही शिकवणीसारखंच. वेगळेपण यात आहे की हे आठ तास त्या दर आठवड्याला घेत नाहीत, वर्षभर पसरतात. हवामान येतं तेव्हा तास होतो. धुळीचा धडा धूळ असताना, गडगडाटाचा धडा वादळाच्या मोसमात. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं की जे आज अंगाला लागत नाही ते मी आज शिकवणार नाही. मी नोव्हेंबरात नाव घातलं. सात तास झाले आहेत.

आम्ही तिघं विद्यार्थी. वोल्टा भागातल्या हो शहराची एक नर्स, तिची मातृभाषा एवे. तमालेचा एक तरुण, त्याची दाग्बानी. आणि मी मराठी. घानात राहूनही ट्वी शिकावी लागणारी माणसं किती आहेत हे मला त्या ओसरीवर कळलं.

पहिल्या तासाला आन्टींनी एकच सांगाडा दिला, आणि माझ्या मते त्या एका तासातच १,२०० सेडी वसूल झाले. अवॉ दे मे. अवॉ म्हणजे थंडी, मे म्हणजे मी किंवा मला, आणि 'दे' म्हणजे धरणं. थंडीने मला धरलंय. त्याच साच्यात ॲकॉम दे मे, भुकेने धरलंय. सुकॉम दे मे, तहानेने. सुकॉममध्ये पाणी आणि भूक दोन्ही आहेत, पाण्याची भूक म्हणजे तहान. इंग्रजीतून हे शिकताना मी सारखी अडखळत होते, कारण तिथे 'मी' कर्ता असतो आणि थंड 'असतो'. मराठीत तसं नाही. मला थंडी वाजते, मला भूक लागते, मला तहान लागते. मी काहीच करत नाही, ते येतं आणि मला लागतं. ट्वीतही माणूस वाक्याच्या शेवटाला गप्प उभा असतो आणि थंडी येऊन त्याला धरते. इंग्रजी मध्ये आणायचं मी त्या दिवशी सोडलं, आणि मराठी वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे: ट्वी थेट मराठीतून शिका.

मग क्रियापदं. पावसाचं 'तॉ', म्हणजे पडणं. उन्हाचं आणि वाऱ्याचं 'बॉ', म्हणजे मारणं, आदळणं. अविया बॉ, ऊन पडलंय. म्फ्रामा बॉ, वारा सुटलाय. आपणही पाऊस 'पडतो' म्हणतो, वारा 'सुटतो' म्हणतो, ऊन 'लागतं' म्हणतो. वाऱ्याला 'पडतो' म्हटलं तर अर्थच उलटा होतो. प्रत्येक हवेचं आपलं क्रियापद असतं आणि नुसती नामं पाठ करून ते हाती येत नाही. आन्टी नाम कधीच एकटं सांगत नाहीत. कुणी नुसतं "म्फ्रामा" म्हणून थांबलं की त्या बोट वर करून वाट बघतात.

'अविया'चाही घोळ तिथेच सुटला. अविया म्हणजे ऊन आणि अविया म्हणजे दुपारही. अनॉपा सकाळ, अविया दुपार, अन्वुमेरॅ संध्याकाळ. वाळूचा ट्रक अवियाला येईल असं फोरमन म्हणत तेव्हा त्यांना दुपार म्हणायची असायची, आणि मी ऊन पडायची वाट बघत होते.

दुसरा तास काळांचा. हा सगळ्यात अवघड होता, आणि इथे जरा रेंगाळते, कारण साइट डायरी लिहिणाऱ्याला हे रोज लागतं. न्सुओ अतॉ, पाऊस पडलाय, जमीन ओली आहे. न्सुओ तॉऽ ॲनोरा, काल पाऊस पडला. पहिल्यात पुढे 'अ' लागला, दुसऱ्यात शेवटचा स्वर लांबला. सोपं वाटतं. आता नकार करा. न्सुओ अन्तॉ. 'अ' दिसला म्हणून मी म्हटलं, पाऊस पडलेला नाही. चूक. अन्तॉ म्हणजे पडला नाही, काल, तेव्हा. आणि न्तॉऽ, लांब स्वराचा, म्हणजे अजून पडलेला नाही. होकारात जो 'अ' आत्ताच्या खुणेसाठी असतो, तो नकारात मागच्या काळाकडे जातो, आणि लांब स्वर उलट दिशेने येतो. दोघांनी जागा बदलल्यासारखं. आन्टींनी अंगणातल्या दोन खुर्च्यांवर तमालेच्या तरुणाला आणि मला बसवलं आणि प्रत्येक नकाराला उठून जागा बदलायला लावली. पंधरा मिनिटं आम्ही उठत-बसत होतो. तेव्हापासून मी ते चुकले नाही. काल पाऊस पडला की नाही हे डायरीत लिहायचं असतं, आणि अजून पडलेला नाही म्हणजे आज पडू शकतो. या दोन्हींतला फरक म्हणजे माझं दिवसाचं कामाचं नियोजन.

एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली ती चांगली केली. लिहिताना 'न्सुओ रेतॉ', म्हणजे पाऊस पडतोय, असं लिहितात. कुमासीत बोलताना तो 'रे' ऐकू येत नाही, मागच्या स्वरात विरघळतो. ॲपवर 'रे' टणटणीत उच्चारला जायचा, आणि म्हणून मला रस्त्यावरचं काही उमजायचं नाही.

स्वरांच्या चढ-उतारासाठी आन्टी टेबलावर बोटांनी ठेका धरतात. ट्वीत सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि नेहमीच्या लिखाणात सूर दाखवत नाहीत. पापा, दोन्ही अक्षरं वर: चांगलं. पहिलं खाली, दुसरं वर: वडील. दोन्ही खाली: हातपंखा. मार्चच्या उकाड्यात, वीज गेलेली असताना, त्यांनी हातात पंखा घेऊन हा धडा दिला. आकानांचा अतुम्पान हा जोडढोल याच चढ-उतारांवर बोलतो, एक ढोल वरचा, एक खालचा. त्यांचं टेबल त्याचंच छोटं रूप. वीज जाण्याला इथे 'डुमसॉ' म्हणतात, विझव-पेटव. आणि वीज चमकणं म्हणजे अन्यिनाम. घरातल्या विजेला पुस्तकी ट्वीत 'अन्यिनाम अहॉऑदेन' म्हणतात, आकाशातल्या विजेची शक्ती. मराठीतही दोन्ही वीजच. त्या दिवशी पंखा हलवत हे ऐकताना मला फार जवळचं वाटलं.

आता ऋतू. आन्टींच्या पाटीवर चार ऋतू नाहीत. दोन आहेत: असुसॉ, पावसाचा काळ, आणि ऑपॅ, कोरड्या वाऱ्याचा. दक्षिण घानात पाऊस दोनदा येतो. एप्रिलपासून जुलैपर्यंत मोठा, जूनमध्ये शिगेला. ऑगस्टमध्ये तो थबकतो. मग सप्टेंबर ते नोव्हेंबर धाकटा पाऊस. तमालेच्या तरुणाने सांगितलं की त्यांच्याकडे उत्तरेत एकच पावसाळा, मे ते ऑक्टोबर, आणि ऑपॅ तिथे जास्त कडक आणि लांब. आन्टींनी पाटी त्याच्या हातात दिली आणि तमालेचं वर्ष त्याच्याकडून काढून घेतलं. एका देशाची दोन वर्षं शेजारी-शेजारी दिसली. स्लॅबची तारीख ठरवणाऱ्याला हा तक्ता सोन्यासारखा आहे.

महिन्यांची आकान नावं त्या ऋतूंसोबतच देतात, यादी म्हणून नाही. डिसेंबर ऑपॅनिमा, जानेवारी ऑपॅपॉन. दोन्हींत ऑपॅ आहे, आणि 'पॉन' म्हणजे थोर, मोठा. एप्रिल ओफोरीसुओ, त्याच्या शेवटी पाणी ऐकू येतं. रोजच्या बोलण्यात लोक इंग्रजी महिनेच वापरतात, हेही त्यांनी लपवलं नाही. पण माझा स्लॅब ओफोरीसुओत भिजला हे कळल्यावर ते नाव मी कशी विसरेन?

ऑपॅचा तास जानेवारीत झाला. सहाराकडून ईशान्येचा वारा आला होता, सूर्य दुधी झाला होता, ओसरीच्या कठड्यावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. आन्टींनी न्कुतो, म्हणजे शिया झाडाच्या बियांचं लोणी, वाटीत आणलं आणि आधी आम्हा सगळ्यांच्या ओठांना आणि कोपरांना लावायला दिलं, मग शब्द सांगितले. पहाटे गारठा, अवॉ दे मे; दुपारी तोच वारा भाजतो. मी त्यांना सांगितलं की याच दिवसांत काँक्रिट वरून पटकन सुकतं आणि त्याला बारीक तडे जातात, पाणी जास्त दिवस मारावं लागतं. त्यांनी ते लगेच ट्वीत वाक्य करून घेतलं आणि फोरमनला जाऊन सांग म्हणाल्या. मी सांगितलं. फोरमननी मान हलवली आणि गोणपाटं भिजवायला दोन माणसं जास्त लावली.

त्याच तासाला त्या १९८३ बद्दल बोलल्या. त्या वर्षीचा दुष्काळ, रानांना लागलेल्या आगी, जळालेल्या कोकोच्या बागा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नायजेरियाने बाहेर काढलेले लाखो घानावासी परत आले होते आणि घरात खाणारी तोंडं वाढली होती. ॲकॉम म्हणजे भूक, आणि दुष्काळालाही ॲकॉमच. पहिल्या तासाला आम्ही हसत-हसत म्हटलेलं 'ॲकॉम दे मे' त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, 'मे'च्या जागी 'येन' घालून. आम्हाला. ॲकॉम दे येन. नर्स बराच वेळ गप्प होती. माझ्या वहीत त्या पानावर दुसरं काही लिहिलेलं नाही.

जूनच्या तासाला पाऊस जोरात होता आणि पत्र्यावर काही ऐकू येईना, म्हणून निम्मा वेळ नुसते बसून राहिलो. तेव्हा आन्टींनी देवाची दोन नावं सांगितली: अमोसु, पाऊस देणारा, आणि अमोविया, ऊन देणारा. दोन्ही एकाच देवाची.

आता जे बरं नाही ते. तासाची तारीख आधी ठरत नाही. गडगडाटाचा धडा दोनदा पुढे गेला, कारण वादळ आलंच नाही. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर निरोप येतो, आणि साइटवर काम असलं की जीव टांगणीला लागतो. मला दोनदा कामाच्या दिवशी सुट्टी घ्यावी लागली. शिवाय शनिवार. आशांती भागात अंत्यविधीचे समारंभ बहुधा शनिवारी होतात, आन्टींना जाणं भागच असतं, आणि तीन तास रविवारी चर्चनंतर झाले. ज्यांची नोकरी काटेकोर वेळेची आहे त्यांनी नाव घालण्याआधी हे विचारून घ्यावं.

स्पेलिंगचा गोंधळ खरा आहे. आकुआपेम आणि आशांती या ट्वीच्या दोन बोली. आन्टी आकुआपेम पद्धतीने लिहायला शिकल्या, बोलतात आशांती. बाझल मिशनच्या योहान ख्रिस्तालरने १८८१ मध्ये जो मोठा कोश छापला तो आकुआपेमच्या लिखाणावर उभा आहे, आणि जुन्या शाळांवर त्याची छाप राहिली. म्हणून पाटीवर एकदा न्सु येतं, एकदा न्सुओ. अवॉच्या शेवटी कधी एक अक्षर जास्त. मी विचारलं की त्या दोन्ही सांगतात, पण स्वतःहून सांगत नाहीत. नव्या माणसाला ही दोन वेगळी पाणी वाटतील. एक छापील पान दिलं तर हा त्रास संपेल. मी त्यांना तसं म्हटलंय.

आवाजाच्या फिती व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्यांत कोंबडा आहे, शेजाऱ्यांचा रेडिओ आहे, एकीत पाऊसच जास्त ऐकू येतो. सुरांचा अभ्यास करायला त्या पुरेशा नाहीत. मी फोनवर स्वतः रेकॉर्ड करून घ्यायला लागले. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. रेडिओवरच्या ट्वीतल्या हवामानाच्या बातम्या समजायला मात्र आन्टींनी खूप मदत केली. तिथे 'एवियेम', म्हणजे आकाश, हवा, हा शब्द सारखा येतो, आणि बोली नव्हे तर औपचारिक भाषा असते. सुरुवातीला मला त्यातलं फक्त कुमासी कळायचं. आता उद्याचा पाऊस कळतो: न्सुओ बॅतॉ ऑच्येना.

उच्चाराबद्दल मराठी माणसाला दोन सोयी आहेत. ट्वीच्या लिपीतलं उलट्या 'सी'सारखं अक्षर म्हणजे आपलं 'ऑ', आणि उलट्या तीनसारखं अक्षर म्हणजे जवळपास 'ॲ'. आणि ज्या जोडाक्षरांना इंग्रजी वाचणारे अडतात, ती 'च' आणि 'ज' म्हणून आपल्या तोंडात तयारच असतात. ट्वी हे नावसुद्धा इथे 'च्वी'च्या जवळचं ऐकू येतं. मी माझी सगळी वही देवनागरीत लिहिली. आन्टींनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि माझ्याकडून दोन पानं मोठ्याने वाचून घेतली, त्यांचे स्वर मी नीट उतरवलेत का ते ऐकायला. चार ठिकाणी सुधारलं.

यंदाच्या मे महिन्यात एजिसू रस्त्याच्या साइटवर आमचा स्लॅब होता. सकाळी आठला फोरमन वर येण्याआधी मीच आभाळाकडे बघून म्हटलं, "न्सुओ अमुना." ते थांबले, त्यांनीही पाहिलं, आणि म्हणाले, "आन्, अमुना." ताडपत्र्या आदल्या संध्याकाळीच वर आणून ठेवलेल्या होत्या. नऊ वाजता पाऊस आला, चाळीस मिनिटं राहिला, आणि आम्ही सगळे ताडपत्रीच्या कडा धरून उभे होतो.

सध्या ऑगस्ट आहे. हवा ढगाळ, गार, पाऊस थबकलेला. सातवा तास गेल्या रविवारी याच गारव्यावर झाला. आठवा धाकट्या पावसाचा, तो आल्यावर. दुसरा हप्ता मी पाठवून दिला आहे.